उजवीकडून येणारा वारा

१२ फेब्रुवारी
दवाखाना, दुपारची सुट्टी

चि. खटपट्यास अनेक उत्तम आशीर्वाद.

पत्र बघून दचकू नकोस, सगळे धडधाकट आहोत. फोन केला असता, पण घरात हे दिवसभर असतात आणि इथे काउंटरच्या पलीकडे गाल सुजलेली माणसं रांगेने बसलेली असतात. त्यांच्यासमोर घरचं बोलवत नाही. म्हणून दातांचे डॉक्टर जेवायला गेले की लिहायला बसते आहे. शिवाय फोनवर काही सांगायला घेतलं की तू अर्ध्यातच दुरुस्ती सुचवतोस. पत्रात निदान माझं वाक्य पुरं होतं.

यांचं विमान घसरलं त्याला आता बरेच महिने झाले. खांद्याचं हाड जुळलं. चौकशी मात्र चालूच आहे, आणि ती संपेपर्यंत विमानाला हात लावायचा नाही असं कंपनीने सांगितलंय. प्रवासी सगळे वाचले, मास्तर तेवढे गेले. तुला मास्तर आठवतात ना? यांचे सहवैमानिक, आधी शाळेत भूगोल शिकवायचे, म्हणून अख्खी कंपनी त्यांना मास्तरच म्हणायची. हे त्यांचं नाव काढत नाहीत. घरभर फिरून बिजागऱ्यांना तेल घालत बसतात. जे दार कधी करकरलंच नाही त्यालाही घालतात. परवा माझ्या साडीला डाग पडला.

आता विचारायचं ते असं. यांच्या मनाने घेतलंय की मागच्या खोलीत सिम्युलेटर बसवायचा. खुर्ची, हातात धरायचं विमानाचं चाक, पायात पेडलं, समोर तीन मोठे पडदे. न्हाणीघर नवं करायला बाजूला ठेवलेले पैसे त्यात घालायचे. म्हणतात, हात सुटायला नको. उद्या कंपनीने परत बोलावलं तर परीक्षा घेतील. तू दिवसभर दुकानात हीच यंत्रं जोडतोस. खरं सांग, एवढा खर्च करण्यासारखं त्यात काही आहे, की महागडं खेळणं आहे? मला न्हाणीघराचं काही नाही. फुटक्या फरशीवर पाय कसा ठेवायचा ते मला पाठ झालंय.

सुपारी सोडलीस का? दाढा दाखवायला ये, बहिणीच्या ओळखीवर रांग चुकेल.

उत्तर दवाखान्याच्या पत्त्यावर पाठव. तुझी काळजी वाटते ती वाटतच राहील, त्याला इलाज नाही.

तुझी,
ताई


१९ फेब्रुवारी

ती. सौ. ताईस सा. न. वि. वि.

पत्र पोचलं. सुपारी सुटली नाही, पण वेलदोडा सुरू केलाय, म्हणजे आता दोन्ही चालू आहे.

तुझ्या प्रश्नाचं दुकानदार म्हणून उत्तर देतो, मग भाऊ म्हणून. ही यंत्रं नेणारी माणसं दोन तऱ्हेची असतात. बहुतेकांचं महिनाभर कौतुक चालतं, मग विमानाच्या चाकावर टॉवेल वाळत पडतो. थोडे असतात ते मात्र रोज बसतात आणि खरंच शिकतात. काटे वाचणं, कुठलं बटण कुठल्या नंतर, हे सगळं घरबसल्या ताजं राहतं. पडदे साधे चालतील. पेडलं मात्र स्वस्तातली घ्यायची नाहीत. ती डुगडुगतात आणि पायाला वाईट सवय लागते.

आता जे मिळत नाही ते. खुर्ची हलत नाही. खऱ्या विमानात माणूस पाठीने आणि पोटाने उडवतो असं माझ्याकडे येणारे वैमानिक सांगतात. इथे पाठीला काही कळत नाही. इथले उडण्याचे तास कुठे धरतही नाहीत. परीक्षा कंपनीच्या मोठ्या यंत्रावरच होणार. तेव्हा नुसता हात राखायचा असेल तर भावोजी म्हणतात त्याच्या निम्म्यात काम होईल, दुकानात मांडलेला एक संच मी कमी भावात काढून देतो.

भाऊ म्हणून सांगतो, घे. बिजागऱ्यांना तेल घालण्यापेक्षा बरं. तुझ्या साड्याही वाचतील.

भावोजींना नमस्कार. माझ्यावर रागव, पण लोभ कमी करू नकोस.

तुझा,
खटपट्या


२७ फेब्रुवारी

ती. सौ. ताईस सा. न. वि. वि.

तुझं उत्तर यायच्या आधीच हे दुसरं लिहितोय. काल भावोजींचा दुकानात फोन आला. किंमत विचारली नाही, पडदे किती मोठे ते विचारलं नाही. त्यांनी एवढंच विचारलं, की आपलं तेच विमान त्यात येतं का, तोच विमानतळ येतो का, उजवीकडून वारा लावता येतो का. आणि चाकं टेकता टेकता एक जोराचा झोत आला, तर तेवढाच तुकडा पुन्हा पुन्हा, पहिल्यापासून सुरू करता येतो का. मी दुकानदाराच्या तोंडाने येतं, येतं, करता येतं म्हणत गेलो. फोन ठेवला आणि मग माझ्या डोक्यात उजेड पडला.

ताई, त्यांना हात राखायचा नाही. त्यांना ते एकच उतरणं पुन्हा उतरायचंय. वारा उजवीकडून होता, झोत आला, विमानाचं नाक उजवीकडे वळलं आणि ते गवतात जाऊन भिंतीवर आपटलं, उजव्या बाजूने, म्हणजे मास्तर बसले होते त्या बाजूने. डावं पेडल वेळेवर दाबलं असतं तर विमान धावपट्टीवर राहिलं असतं का, हे त्यांना बघायचंय.

मागच्या पत्रातला सल्ला मी परत घेतो. घेऊ नकोस. नाही राहिलं तर ते जन्मभर प्रयत्न करत बसतील. आणि राहिलं तर? त्याचा विचारसुद्धा करवत नाही. मी त्यांना सध्या माल नाही असं सांगितलंय. ते म्हणाले, थांबतो.

मला सुचत नाही. तूच काय ते बघ.

तुझा,
खटपट्या


५ मार्च
दवाखाना

चि. खटपट्यास अ. उ. आ.

तू लिहिलंस ते मला माहीत होतं. फक्त कुणी शब्दांत मांडलं नव्हतं तोवर मी माहीत नसल्यासारखी वागत होते.

गेल्या रविवारी दुपारी मी कपडे वाळत घालून आत आले तर हे जेवणाच्या खुर्चीत बसलेले, डोळे मिटलेले, आणि डावा पाय टेबलाच्या आडव्या दांडीवर दाबत होते. थांबायचे, मान थोडी हलवायचे, पुन्हा दाबायचे. दांडी निखळून खाली पडली तेव्हा डोळे उघडले. मी म्हटलं खिळा आणते, आणि खिळा आणायला गेले. यापलीकडे मला काही करता आलं नाही.

कंपनीने बोलायला एक बाई दिल्या आहेत, आठवड्यातून एकदा. त्यांच्याशीही हे बिजागऱ्यांबद्दलच बोलतात असं दिसतंय. तू माल नाही म्हणालास, तर दुसऱ्या दुकानाचा कागद घरात येऊन पडलाय. मी नाही म्हणू शकत नाही रे. या माणसाला मी आता कशाकशाला नाही म्हणू?

म्हणून एक मागते. तिऱ्हाईत माणूस येऊन बसवण्यापेक्षा तू येऊन बसव. वारा लावता येतो असं तूच लिहिलंस ना? मग तो असा लाव की ते विमान कुणालाच पट्टीवर ठेवता येणार नाही. पडद्यावर आकडा खरा दिसू दे, आत जास्त असू दे. हे महिना, दोन महिने झटतील आणि मग त्यांची खात्री पटेल, की त्यात करण्यासारखं काहीच नव्हतं.

हे बरोबर आहे का असं विचारू नकोस. मी स्वतःलाही विचारलेलं नाही.

तुझी,
ताई


२४ मार्च

ती. सौ. ताईस सा. न. वि. वि.

दोन दिवस तुझ्याकडे राहिलो, चार वेळा तुडुंब जेवलो आणि तुझ्याशी एक शब्द मोकळेपणी बोलता आला नाही, म्हणून हे पत्र. तू सांगितलंस तसं केलंय.

त्या दिवशीचा वारा चौकशीच्या पहिल्या अहवालात छापलेला आहे. पडद्यावर तोच दिसतो. आत मी तो वाढवलाय, आणि झोत तर बराच जास्त. निघण्याआधी इथे दुकानात एका वैमानिक गिऱ्हाइकाला बसवून पाहिलं. तो दर वेळी गवतात गेला आणि शेवटी माझ्यावरच वैतागला, की असल्या वाऱ्यात कोण शहाणा उतरतो.

तू भाजी आणायला गेलीस तेव्हा भावोजी पहिल्यांदा बसले. आधी जाऊन बूट घालून आले. मी म्हटलं, घरात बूट कशाला. तर म्हणाले, सपातेने पेडल कळत नाही. मग उतरायला लागले. इतकं सावकाश आणि इतकं नेटकं, की मला माझ्या बोटांची लाज वाटली. चाकं टेकली, झोत आला, विमान उजवीकडे गेलं. ते नुसतं हं म्हणाले. मग पेडलं चांगली आहेत म्हणाले, आणि मला चहा करून दिला. त्यांनी, मला.

परतीच्या वाटेवर सारखं वाटत होतं, की आपण लबाड वाण्यासारखा तराजूला अंगठा लावून आलो. तू सुखी हो म्हणजे झालं.

तुझा,
खटपट्या


३० एप्रिल
दवाखाना

चि. खटपट्यास अनेक अनेक आशीर्वाद.

या वेळी चांगलं लिहायला बसले आहे, म्हणून अक्षरही बघ कसं सरळ आलंय.

हे रोज संध्याकाळी बसतात. मी मागे बुटक्या स्टुलावर शिवण घेऊन असते. ते उतरतात, विमान गवतात जातं, पुन्हा पहिल्यापासून. सुरुवातीला माझा जीव वरखाली व्हायचा, की चुकून राहिलं पट्टीवर तर? आता होत नाही. विमान गवतात गेलं की मला हलकं वाटतं; असं वाटणारी बायको जगात एकटी मीच असेन. यांचं जेवण वाढलंय. झोप लागते. तेलाची बाटली फडताळात गेली.

चौकशीचा शेवटचा अहवालही आला. झोत अचानक आला, वैमानिकाचा दोष नाही. यांनी वाचला, घडी घातली आणि डाळ आणायला गेले.

पण खरी गोष्ट पुढेच आहे. रविवारी दुपारी मास्तरांच्या बायको आल्या. सगळं झाल्यापासून त्या आमच्याकडे फिरकल्या नव्हत्या, आणि मी तरी कुठल्या तोंडाने बोलावणार? बराच वेळ उन्हाबद्दल बोलणं झालं. मग त्यांनीच विचारलं, की मागे यंत्र बसवलंय असं ऐकलं, मला बघता येईल का? मी हातातली कपबशी खाली ठेवायचीच विसरले. हे उठले आणि त्यांना आत घेऊन गेले. माझ्या स्टुलावर बसवलं. एकेक गोष्ट समजावून सांगितली, ही पट्टी, हा वारा, इथे चाकं टेकतात. मास्तर पोरांना नकाशा समजावत तसं. विमान गवतात गेलं. त्या म्हणाल्या, पुन्हा दाखवा. पुन्हा गेलं. तिसऱ्यांदाही. मग त्यांनी यांच्या खांद्यावर हात ठेवला आणि विचारलं, म्हणजे कुणालाच जमलं नसतं ना? हे म्हणाले, कुणालाच नाही.

त्या खूप रडल्या आणि मग दोन कप चहा प्यायल्या. जाताना मला दाराशी म्हणाल्या, की इतके दिवस मी मनातल्या मनात तुझ्या नवऱ्याशी भांडत होते, आज भांडण मिटलं.

खटपट्या, न्हाणीघर गेलं उडत. आयुष्यात यापेक्षा चांगल्या कामी आमचा पैसा लागला नव्हता. आणि तू ते तराजू-अंगठा सगळं विसर. पाप असलंच तर माझ्या नावावर मांड.

पोटभर जेवत जा. माया आहेच, तुला ती वेगळी मागावी लागत नाही.

तुझी,
ताई


८ मे
घरून, सकाळी

चि. खटपट्यास आशीर्वाद.

माझं पत्र बघून तुला नवल वाटेल. मला पत्रं लिहिता येत नाहीत. जन्मभर फॉर्म भरले. तुझी ताई दवाखान्यात गेली आहे. टपाल सकाळी येतं तेव्हा घरात मीच असतो, त्यामुळे उत्तर निर्धास्त पाठव.

तुझा वारा खोटा आहे हे मला पहिल्याच दिवशी कळलं. उजवीकडून वारा असला की विमानाचं नाक वाऱ्याकडे वळवून खाली यावं लागतं, आणि मग धावपट्टी समोर न दिसता डावीकडे सरकलेली दिसते. त्या दिवशी ती समोरच्या काचेच्या डाव्या खांबाला टेकून दिसत होती. ते चित्र माझ्या डोळ्यांपुढून हलत नाही, म्हणून खात्रीने सांगतो. तुझ्या वाऱ्यात ती खांबाच्या मागे लपते. आधी वाटलं, तुझी काही चूक झाली असेल. पण पडद्यावरचा आकडा बरोबर होता, आणि अशा कामात तू चुकत नाहीस. म्हणजे मुद्दाम केलेलं. आणि मुद्दाम करायला तुला सांगू शकेल असं एकच माणूस आहे.

मला राग आला नाही. ती मागे बसते ना, तेव्हा चाकं टेकेपर्यंत तिची शिवणाची सुई थांबलेली असते. विमान गवतात गेलं की ती श्वास सोडते. मला ऐकू येतो. म्हणून संध्याकाळी मी तुझ्याच वाऱ्यात उडवतो.

सकाळी मात्र ती गेली की खरा वारा लावतो. तू लपवलेली जागा सापडायला वेळ लागला नाही, माफ कर. पहिले कितीतरी दिवस गवतातच गेलो. मग एका सकाळी डावा पाय नेहमीपेक्षा जरासा आधी गेला आणि विमान पट्टीवर राहिलं. सरळ धावलं, हळू झालं, थांबलं. पुढे काय करायचं ते मला सुचेना. मग जे नेहमी करतो ते केलं. पट्टीवरून वळवलं, जागेवर नेऊन उभं केलं, एकेक बटण क्रमाने बंद केलं. आणि बसून राहिलो. आता कधी गवतात जातं, पण बहुतेक वेळा राहतं.

तू म्हणशील, आता झोत कधी येणार ते तुम्हाला माहीत असतं, त्या दिवशी नव्हतं. बरोबर आहे. खुर्ची हलत नाही, पाठीला कळत नाही, तेही बरोबर. अहवालातही तसंच आहे. माझ्या डोक्याला हे सगळं पटतं. पायाला पटत नाही.

मास्तरांच्या बायको आल्या होत्या हे ताईने तुला कळवलं असेलच. त्या स्टुलावर बसल्या आणि मी खुर्चीत. कुठला वारा लावायचा ते माझ्या हातात होतं. त्यांनी विचारलं असतं की खरं सांगा, तर मी सांगितलं असतं असं मला वाटत होतं. पण त्यांनी विचारलं ते असं, की उत्तर त्यांच्या चेहऱ्यावर आधीच लिहिलेलं होतं. दारात तुझी ताई कपबशी घेऊन उभी. मी तुझा वारा लावला. तीनदा. आता त्या दोघींनाही झोप लागते, आणि ती मोडण्याचा मला काय अधिकार?

कंपनीने परत बोलावलंय. पुढच्या महिन्यात परीक्षा. पास होईन असं वाटतं, आणि त्याचीच भीती वाटते.

तुला एक विचारायचं होतं. हे यंत्र तू परत नेतोस का? नेलंस तर ती विचारेल का नेलं. राहिलं तर सकाळी मी बसणार, मला माहीत आहे. विमानात असं कधी होत नाही. दोन वाटा असल्या तर एक बरी असते. इथे मला कळत नाहीये. तू लहान आहेस, तुला विचारायला नको होतं. पण वारा तुझा आहे आणि दुसऱ्या कुणाला विचारता येत नाही.

ताईला कळू देऊ नकोस. जपून राहा.

तुझा,
भावोजी


१७ मे

ती. भावोजींस सा. न. वि. वि.

पत्र मिळालं. उत्तराला उशीर झाला, कारण जे लिहिलं ते दर वेळी फाडलं. एका पत्रात मी तुम्हाला समजावत होतो, एकात नुसती माफी मागत होतो. एकात तर पेडलं कशी पुसायची ते लिहून बसलो.

दुकानात कुणी विचारलं की हे यंत्र घेऊ की नको, तर मी उभ्या उभ्या सांगतो. तुम्ही विचारलंत आणि मी कागद फाडत बसलो. ताईने सांगितलं ते मी केलं, तेव्हा वाटलं होतं की हिचं ओझं तरी कमी करतोय. ते नुसतं एका खोलीतून दुसऱ्या खोलीत हलवून ठेवलं, असं आता दिसतंय. ताईला सांगा असं म्हणायला तोंड नाही, सांगू नका म्हणायला छाती नाही.

तुमचं पत्र आल्यापासून दुकान उघडलं की मी खऱ्या वाऱ्यात बसून बघतो. तोच विमानतळ, तोच झोत. झोत कधी येणार ते मला ठाऊक असतं, आणि तरी माझं विमान दर वेळी गवतात जातं. मी वैमानिक नाही, तेव्हा यावरून काहीच सिद्ध होत नाही. तरी तुम्हाला सांगावंसं वाटलं.

शनिवारी पहिल्या गाडीने येतो. पेडल सैल झालंय म्हणून येतोय असं ताईला कळवतो. हे आणखी एक खोटं, पण आता मोजण्यात अर्थ नाही. यंत्र न्यायचं की ठेवायचं ते मला आल्यावरही कळणार नाही, याची खात्री बाळगा. ती दवाखान्यात गेली की तुम्ही रोजच्यासारखे बसा. मी उजवीकडे बसेन. विमान राहो की जावो, मला त्यातलं काही कळत नाही. तुम्ही सांगाल ते बटण तेवढं दाबीन.

लोभ असावा असं लिहायची रीत आहे. माझ्यावर तो ठेवणं तुम्हाला जड जात असेल, तर मी समजून घेईन. शनिवारपुरती मात्र तिथे एक खुर्ची मांडून ठेवा.

तुमचा,
खटपट्या